अकरा खिळे

२ नोव्हेंबर

चि. बटण यास आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरचे सगळे बरे आहेत. पाकीट फोडण्याआधी तू हात धुतले असशील आणि तेवढ्या वेळात मनातल्या मनात चार-पाच जणांना आजारी पाडलं असशील, हे मला माहीत आहे. कुणीही आजारी नाही. आजारी आहे तो तुझा पगार, असं तुझे चुलत काका म्हणतात.

झालं असं. गेल्या महिन्यात काका कामासाठी तुझ्याकडे आले होते तेव्हा खोलीवर डोकावले. तू कामावर होतास. तुझ्यासोबत राहणाऱ्या त्या छापखान्यातल्या मुलाने दार उघडलं. काका पाणी प्यायले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली तुझी दोरी पाहून आले. घरी येऊन काय बोलले ते तुझ्या आईने मला कळवलंय. मी जसंच्या तसं उतरवते.

"अकरा शर्ट! मी मोजले. इस्त्री अशी, की माशी बसली तर घसरेल. त्यात एक पट्ट्यापट्ट्यांचा. तसला आमच्या साहेबांकडेही नाही."

आई म्हणाली, "काउंटरवर उभा असतो हो तो. चार लोकांसमोर नीटनेटकं दिसायला नको?"

"मग चार लोकांसाठी चार घे म्हणावं. उरलेले सात कुणासाठी?"

तुझे बाबा तेव्हा घड्याळांच्या टेबलाशी होते. डोळ्याचं भिंगही त्यांनी काढलं नाही. एवढंच म्हणाले, "पगार अंगावर घालणाऱ्याच्या हाती मी लोकांची घड्याळं देणार नाही."

काका शंभर गोष्टी बोलले असते तर मी पत्र लिहिलं नसतं. या एका वाक्यासाठी लिहिते आहे. त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं स्टूल तुला हवंय, हे मला माहीत आहे. बारावीनंतर शिक्षण सोडलंस ते त्याच्याचसाठी. दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनीच, "आधी चार वर्षं परक्याच्या हाताखाली काढ" म्हणून तुला लाँड्रीत पाठवलं. ती चार वर्षं येत्या मार्चमध्ये भरतात.

दादाशी मी बोलू शकत नाही. चौदा वर्षं आम्हा बहीणभावांचं बोलणं तुझ्या आईच्या पत्रांतून चालतं. तुझ्याशी मात्र बोलू शकते. खरंच इतके कपडे घेतोस का? आणि का घेतोस? मी रागावणार नाही. कपड्यांवरून रागावण्याचं काम मी या वसतिगृहात पगार घेऊन करते, फुकट करणार नाही.

गळ्याशी वरचं बटण अजून लावतोस का रे?

तुझी आत्या

१० नोव्हेंबर

ती. आत्या, नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तर आधी वहीत कच्चं लिहिलं, मग शुद्ध केलं, म्हणून उशीर झाला. हात धुतले होते, हे खरं आहे. वरचं बटण लावतो, हेही खरं आहे.

आधी एक चूक दुरुस्त करतो. शर्ट अकरा नाहीत, नऊ आहेत. दोन माझ्या सोबत्याचे होते. पट्ट्यांचा माझाच.

सगळे शर्ट मी वर्षअखेरच्या स्वस्त विक्रीतून घेतले. बाहेर जेवत नाही, पत्ते खेळत नाही, सिनेमा महिन्यातून एकदा. आई म्हणते तसं काउंटरवर नीटनेटकं राहावं लागतं. पण तुला खरं सांगतो, काउंटर नसता तरी मी घेतले असते. मला आवडतात. सकाळी दोरीसमोर उभं राहून आज कुठला, असं ठरवायला मिळतं, त्यात दिवसाचा निम्मा शीण आधीच जातो. शाळेत मला हे कधी ठरवावं लागलं नाही. पांढरा एकच होता. कॉलर झिजली की आई ती उसवून उलटी लावायची. त्याच शर्टाला मग शाळेत सगळे नवा म्हणायचे आणि मीही म्हणायचो.

बाबांचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग कामावर गेलो आणि तीन चिठ्ठ्यांवर आकडे चुकलो. असं कधी होत नाही. आकडे लिहायला बाबांनीच शिकवलंय. सात-आठ वर्षांचा असताना दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना दोरा बांधून चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. बाबा म्हणायचे, "पाचाची शेपटी खाली लांब ओढ. घाईत चार वाटता कामा नये. एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर गेलं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही." मी अजून तशीच लांब शेपटी ओढतो. इथले सगळे हसतात. दुकानातला रॉकेलचा वास, भिंतीवरची वेगवेगळी वेळ दाखवणारी घड्याळं, आणि त्यांतलं खरं कोणतं ते फक्त बाबांना माहीत असणं. इथे वाफेच्या खोलीत उभा असलो तरी मला ते आठवतं. मार्चचं माझं अजून काही ठरलेलं नाही, असं आईला कळव. म्हणजे ठरलेलं आहे, पण बाबा काय म्हणतात ते पाहून.

दुकानात थंडी फार असते. गेल्या वर्षी बाबांची बोटं आखडायची आणि चिमट्यातून स्क्रू सुटायचे. म्हणून मी काल त्यांना एक लोकरी कोट पाठवला आहे. नवा. करडा रंग, आतून जाड अस्तर. कदाचित त्यांना बरं वाटेल.

आणखी एक विचारू का? मी आठ वर्षांचा असताना तुझं एक मोठं पार्सल आलं होतं. त्यात माझ्यासाठी निळा स्वेटर होता, छातीवर दोन पांढऱ्या रेघा. मी तो तासभर घातला होता. मग बाबांनी सगळं बाहेर काढलं, एकेक कपडा आतून बाहेरून पाहिला, घडी घातली, पुन्हा बांधलं आणि म्हणाले, "दुसऱ्याचं उतरलेलं माझ्या घरात नको." स्वेटर काढताना माझे कान त्यात अडकले होते, हे मला फार स्पष्ट आठवतं. तू त्यानंतर आली नाहीस. ते त्याच्यामुळेच का?

आगाऊपणा वाटला तर उत्तर देऊ नकोस.

तुझा
बटण

२४ नोव्हेंबर

चि. बटण यास आशीर्वाद.

पार्सलबद्दल लिहिलंस ते वाचून पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं. त्याचं उत्तर आज नाही. आज कोटाचं.

तुझा कोट पोचला आणि घरात गडबड उडाली. आईने लिहिलंय, की असा कोट तिने फक्त डॉक्टरांच्या अंगावर पाहिलाय. काका तिथेच होते. ते नेमके असतातच. त्यांनी बाही चिमटीत धरली, अस्तर पाहिलं आणि म्हणाले, "हा कोट घ्यायला त्याला सहा महिने उपाशी राहावं लागेल. उपाशी तर दिसत नाही. मग मालकाच्या गल्ल्यात हात घातला की काय?"

आई म्हणाली, "जिभेला काही हाड?"

"मी आपलं विचारतोय वहिनी. आज मी विचारतोय, उद्या गाव विचारेल."

दादा काहीच बोलला नाही. कोट उचलला, दुकानात नेला, काचेच्या टेबलावर दिव्याखाली पसरला. बराच वेळ तिथेच होता. मग त्याने तो दारामागच्या खिळ्याला लावला. त्याला आता दहा दिवस झाले. घालत नाही, परतही पाठवत नाही. आईने विचारलं तर म्हणतो, "असू दे तिथे."

बटण, मला दादाच्या या गप्प बसण्याची भीती वाटते. चौदा वर्षांपूर्वी तो असाच गप्प बसला होता. मी आता आडवळणाने विचारत नाही. स्वस्त विक्रीत असले कोट मिळत नाहीत, तेवढं मला कळतं. तो कोट कुठून आला? तू कुणाचं काही उचललं आहेस का? असेल तर आधी मला सांग, माझ्याकडे थोडं साठवलेलं आहे, भरून टाकू. नसेल तर तेही सांग, म्हणजे मला झोप लागेल.

तुझी आत्या

१ डिसेंबर

ती. आत्या, नमस्कार.

हे पत्र कच्चं न लिहिता थेट लिहितो आहे. खाडाखोड झाली तर क्षमा कर.

मी चोरी केलेली नाही. पण नवा म्हणालो ते खोटं होतं. कोट नवा नाही. नऊपैकी आठ शर्टही नवे नाहीत. पट्ट्यांचा तर मुळीच नाही.

माझं इथलं काम खुणा घालण्याचं. कपडा धुवायला आला की न पुसणाऱ्या शाईने त्याच्या आत गिऱ्हाइकाचा नंबर लिहायचा. शर्टाला कॉलरच्या आत, पँटला पट्ट्याच्या आत, आणि कोटाला तीन ठिकाणी. मानेशी, बाहीच्या अस्तरात, आणि डावीकडच्या आतल्या लहान खिशात. इतके कपडे एकत्र शिजतात, एकत्र वाळतात, तरी खुणेमुळे ज्याचा त्याला जातो. काही कपडे मात्र न्यायला कुणी येतच नाही. माणसं विसरतात, बदली होऊन जातात, कधी आणखी काही होत असेल. वर्षभर वाट पाहून मालक ते चिंधीवाल्याला देतात आणि तो यंत्रं पुसायला विकतो. त्याआधी कामगारांना विचारतात. नुसत्या धुलाईच्या पैशांत कपडा मिळतो.

पहिल्यांदा मी घेतला तो एक पांढरा शर्ट, घेतला कारण तो मशीन पुसायला जाणार हे मला बघवेना. काजं हाताने केलेली होती. आमचे रफूवाले आजोबा म्हणाले, "ज्याने शिवला त्याचा तरी मान ठेव, घाल." मग सवय लागली. फाटलं असेल तर आजोबा रफू शिकवतात. खुणा मी स्वतः शाई उडवणाऱ्या औषधाच्या बोळ्याने काढतो, एका खुणेला अख्खा रविवार जातो.

कोटवाले गृहस्थ उंच होते. दर थंडी सरली की कोट घेऊन यायचे आणि म्हणायचे, "हळू हाताने हं, हा माझ्यापेक्षा तब्येतीने नाजूक आहे." दोन वर्षांपूर्वी टाकला, तो न्यायला आलेच नाहीत. मी वर्षाऐवजी दोन वर्षं थांबायला लावलं मालकांना. पत्त्यावर जाऊन आलो, घर बंद होतं.

आता तूच सांग. नवे म्हणालो तर मी उधळ्या. जुने म्हणालो तर बाबांच्या घरात दुसऱ्याचं उतरलेलं घालणारा. उधळ्याला बाबा रागावतील, कदाचित वर्षभराने विसरतील. पण दुसऱ्याचं त्यांना अंगाला लावून दिलं, हे ते विसरणार नाहीत. तुझं पार्सल परत गेलं तेव्हा तू तर बहीण होतीस. म्हणून काका म्हणतात ते मी म्हणू दिलं. चोरापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

कृपा करून घरी सांगू नकोस.

एवढं लिहून पाकीट बंद करत होतो ते पुन्हा उघडलं. मानेची खूण काढली ते आठवतं. बाहीची काढली ते आठवतं. आतल्या लहान खिशातली काढल्याचं आठवत नाही. तीन रविवार ठरवले होते आणि थंडी लवकर आली म्हणून दोनच झाले. आत्या, बाबा कुठल्याही घड्याळाचे काटे नंतर पाहतात. आधी झाकण उघडतात.

तुझा
बटण

१२ डिसेंबर

चि. बटण यास आशीर्वाद.

तू चोर नाहीस, हे वाचून मी आधी हसले आणि मग वसतिगृहाच्या मुली बघत असताना रडले. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं.

आता माझी पाळी. त्या पार्सलमधला एकही कपडा उतरलेला नव्हता.

मी नुकती इथे नोकरीला लागले होते. दादाचं दुकान तेव्हा नवं होतं, फारसं चालत नव्हतं. मी "मुलासाठी काही पाठवू का" विचारलं तर त्याचं उत्तर आलं, की माझ्या संसारासाठी तू एक पैसा खर्च केलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मग मी काय केलं? बाजारात जाऊन सगळं नवं घेतलं. कागदी चिठ्ठ्या काढल्या, लेबलं उसवली, सगळं तीन-तीनदा धुतलं, शर्टाच्या कॉलरी दगडावर घासल्या. आणि सोबत लिहिलं, की वसतिगृहातल्या मुलींच्या भावांचे आहेत, टाकून द्यायचे होते, चालतील का बघ. फुकटचं म्हटलं तर घेईल, असं मला वाटलं. केवढी हुशार मी!

ज्या घरात उतरलेलं चालत नाही तिथे मी नवं उतरलेलं म्हणून पाठवलं. तू उतरलेलं नवं म्हणून पाठवलंस. मुलगा बापावर जातो म्हणतात, तू तर सरळ माझ्यावरच गेलास.

आणि दादाचं तसं का, हे मला माहीत होतं, तरी मी ते केलं. शाळेत असताना त्याला मुख्याध्यापकांच्या घरून कपडे मिळायचे. एके दिवशी वर्गात त्यांचा मुलगा उभा राहून ओरडला, "अरे, हा माझा शर्ट! बघा, खिशावर माझाच शाईचा डाग!" सगळा वर्ग हसला. दादा घरी आला तो हिवाळ्यात उघडा, शर्ट दप्तरात घालून. मी तेव्हा सहा वर्षांची होते. दार मीच उघडलं होतं.

पार्सल परत आल्यावर मी खरं लिहू शकले असते. लिहिलं नाही. मला वाटलं, त्याने विचारावं. त्याला वाटलं असेल, मी सांगावं. त्यात तू आठ वर्षांचा होतास तो बावीसचा झालास.

स्वेटर माझ्या ट्रंकेत आहे. मी रजा टाकली आहे. शुक्रवारी निघते, हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी दादाच्या दारात असेन. म्हणजे मला अडवायची सोय मी ठेवलेली नाही. तुझं गुपित मी फोडणार नाही. माझं फोडणार आहे.

तुझी आत्या

१८ डिसेंबर

ती. आत्या, नमस्कार.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू पोचली असशील. बाबा तुझ्याशी बोलले का? तू कुठे झोपतेस? पुढच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, खाली कागदाची घडी घाल.

तू माझं सांगू नकोस, असं मागे लिहिलं होतं. आजही तेच म्हणतो, पण कारण वेगळं आहे. मीच सांगायला हवं. तू चौदा वर्षं थांबलीस, मला तेवढं थांबायचं नाही. सोबतची चिठ्ठी बाबांना दे. वाचून दाखवू नकोस, नुसती दे.

तुझा
बटण

(सोबतची चिठ्ठी)

ती. बाबा, साष्टांग नमस्कार.

कोट नवा नाही. लाँड्रीत न्यायला कुणी आलं नाही म्हणून मला मिळाला. धुलाईचे पैसे मी भरले आहेत, मालकांची सही असलेली पावती जोडतो. शर्टही तसेच आहेत. मला चांगले कपडे आवडतात आणि नवे परवडत नाहीत, एवढंच कारण आहे. काका विचारतील तर त्यांनाही सांगा, मला चालेल. तुम्हाला नवा म्हणून सांगितलं ही चूक झाली. तुम्हाला चालत नाही हे ठाऊक असून पाठवला, कारण तुमची बोटं आखडतात.

कोट परत पाठवला तर मी ठेवून घेईन. मार्चचं तुम्ही म्हणाल तसं.

बटण

२८ डिसेंबर

चि. बटण यास आशीर्वाद.

खिडकीखाली कागद घातला. तुझीच जुनी शुद्धलेखनाची वही होती, एकही चूक नाही, निर्लज्ज मेला.

क्रमाने सांगते, नाहीतर तू मध्येच श्वास रोखून बसशील.

मी पोचले तेव्हा दादा दुकानात होता. केस सगळे पांढरे. मान वर न करता म्हणाला, "काय झालंय घड्याळाला?"

मी म्हटलं, "चौदा वर्षं बंद आहे."

भिंग डोळ्यावरून खाली पडलं. हातात झेललं त्याने, इतका काही म्हातारा झालेला नाही. मग आत वळून ओरडला, "चहा टाक गं! आणि साखर दोन चमचे, हिला तेवढी लागते."

मी स्टुलावर बसले. तुझ्या. ट्रंक उघडून स्वेटर काढला, काचेवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. लेबलं, दगड, सगळं. तो ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नवे होते ते. घातलेल्या शर्टाची कॉलर आतून झिजते, मानेला लागते तिथे. तू बाहेरून घासली होतीस."

मी म्हटलं, "मग परत का पाठवलंस रे?"

"नवे होते म्हणून. पहिल्या पगारात तू स्वतःसाठी एक रुमाल तरी घेतला होतास का?"

"मग तसं लिहायचं ना! उतरलेलं नको असं का म्हणालास?"

"तू तसं लिहिलं होतंस. तुला खोटी पाडायची होती का मी?"

तुझी आई चहा घेऊन दारात उभी. म्हणाली, "दोघांना एकाच दोरीवर वाळत घालायला पाहिजे." आणि कप आपटून गेली.

तुझं मी काही बोलले नाही. कोट खिळ्यावर होता, आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता तीन दिवस बोललो. चौथ्या दिवशी तुझं पाकीट आलं. चिठ्ठी नुसती दिली, तू सांगितलंस तशी. त्याने ती भिंग लावून वाचली. आता ते भिंग घड्याळासाठी आहे, कागदासाठी नाही. वाचून घडी केली, खिशात ठेवली, उठला, आणि कोटाचा आतला लहान खिसा उलटा करून माझ्यासमोर धरला. शाईचा नंबर. त्यात दोन पाच. दोन्हींच्या शेपट्या खाली ओढलेल्या, गांडुळासारख्या लांब.

म्हणाला, "आला त्याच दिवशी पाहिला. हा पाच सबंध दुनियेत दोनच माणसं काढतात."

"मग त्या काकासमोर तोंड का उघडलं नाहीस? पोराला चोर म्हणत होता तो!"

"तो गेल्यावर त्याच्यामागे फाटकापर्यंत गेलो होतो. काय बोललो ते तुम्हाला कशाला सांगू? महिनाभर आलाय का तो?"

आईने मोजून सांगितलं, खरंच आलेले नाहीत.

"आणि उधळ्या म्हटलं पोराला, ते?"

"ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खरंच वाटलं होतं." मग बराच वेळ तो खिसा पुन्हा आत ढकलत बसला. "कोट पाहिल्यावर मागे घेणार होतो. पण उधळ्या म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील. दुसऱ्याचं घालतो म्हटलं तर एखादा वर्गात उभा राहून ओरडेल. मला वाटलं, उधळ्याच बरा. त्याने सांगितल्याशिवाय मी कसं सांगू?"

म्हणजे तो तुला झाकत होता, तू त्याला झाकत होतास. मी तर काय, दगडावर कॉलरी घासणारी.

पुढचं तो स्वतः लिहितो म्हणाला. दोन दिवस कागद घेऊन बसलाय. मी सोमवारी निघते. त्याच्याकडून पत्र आलं तर उघडण्याआधी हात धू, पण कुणाला आजारी पाडू नकोस.

तुझी आत्या

७ जानेवारी

चि. बटण,

पत्र लिहायची मला सवय नाही. तुझी आई आणि आत्या लिहितात, त्यामुळे गरज पडली नाही.

कोट घालतो आहे. खांद्यात सैल होता, तुझ्या आईने आत घेतला. बोटं चालतात. काल बायकांचं एक लहान घड्याळ केलं, स्क्रू एकदाही सुटला नाही.

खिशातली तुझी खूण काढू नकोस. म्हणजे मी काढली नाही. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत मी बारीक अक्षरात तारीख कोरतो, ते तुला माहीत आहे. पुढे जो उघडेल त्याला कळतं, आधी कुणाच्या हातातून गेलं. त्यात कुणाला कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही. हे मला कपड्यांच्या बाबतीत सुचायला पन्नास वर्षं लागली. तुझ्या नंबराखाली मी शाईने तारीख घातली आहे. ते उंच गृहस्थ कधी आले तर त्यांना माझा पत्ता दे. कोट त्यांचा आहे, मी वापरतो आहे, असं सांग. रस्त्यात भेटून त्यांनी ओळखला तर मी उभा राहीन.

पगार अंगावर घालणाऱ्याबद्दल बोललो ते मागे घेतो. पण पट्ट्यांचा शर्ट दुकानात घालू नकोस, पट्ट्यांकडे बघून माझे डोळे फिरतील.

स्टुलाचा एक पाय हलत होता, पाचर मारली आहे. मार्चला ये. खुणा काढायच्या राहिल्या असतील तर तशाच आण, रविवार वाया घालवू नकोस.

दारामागे खिळे ठोकले आहेत. काका अकरा म्हणाला होता, तू नऊ म्हणालास. मी अकराच ठोकले. नऊ तुझ्या शर्टांना, दहावा माझ्या कोटाला. अकराव्यावर निळा स्वेटर लावला आहे. आता तुझ्या एका हातालाही होणार नाही, पण आत्या तो परत न्यायला तयार नाही आणि मी परत पाठवणार नाही.

बाबा